सोसायचं कशाला? सीट बदला!

पहाटे साडेपाचला हेल्मेट घालून निघायचं, वीस-तीस किलोमीटर सायकल मारायची आणि मुलांच्या डब्याच्या आत घरी परतायचं, असं करणाऱ्या बायका आता गावोगावी दिसतात. फार चांगली गोष्ट आहे. पण त्यांतल्या किती जणी तीन महिन्यांनी रस्त्यावर दिसतात, ते एकदा मोजून पाहा. कारण विचारलंत तर उत्तर ठरलेलं : "अहो, वेळच होत नाही." आणि हळदीकुंकवाला शेजारी बसली की तीच बाई हळूच कानाशी येऊन सांगते, "खरं सांगू का, त्या सीटवर बसवतच नाही हो!"

मैत्रिणींनो, हे दुखणं आपण कुणापाशी बोलत नाही. दुकानदार पुरुष, मेकॅनिक पुरुष, सायकल-ग्रुपमध्ये पुढे जाणारे सगळे पुरुष. त्यांना काय सांगणार आणि कसं? आमच्या ग्रुपमधल्या एकीने धीर करून दुकानात विचारलं, तर "होईल सवय, मॅडम" एवढंच उत्तर मिळालं. आता ही "सवय होईल"ची गोष्ट अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागापायीच बायका सायकल सोडून देतात.

तेव्हा आधी दुखण्या-दुखण्यातला फरक ओळखा. कडक पाटावर बराच वेळ बसलं की कुल्ल्यांच्या खाली दोन हाडं टोचतात ना, ती आपली बैठकीची हाडं. नव्याने सायकल सुरू केली की ती ठणकतात. एक दिवसाआड थोडं थोडं चालवलंत तर दोन-तीन आठवड्यांत हे दुखणं आपोआप कमी होतं. ही झाली खरी सवय. पण पुढच्या नाजूक भागाला मुंग्या येणं, बधिर होणं, सूज येणं, जांघेत सोलवटणं, लघवीला जळजळणं, यांची सवय कधीही होत नाही आणि करूनही घ्यायची नसते. शरीराचं वजन हाडांवर पडण्याऐवजी मऊ भागावर पडतंय, एवढाच त्याचा अर्थ.

असं का होतं? आजोबांची जुनी काळी सायकल आठवा. तिच्यावर ताठ बसायचं, म्हणून तिचं सीट कातडी, रुंद आणि खाली स्प्रिंगा असलेलं. रस्त्यावर वेगाने पळवायच्या आजच्या सायकलीवर आपण पुढे वाकतो आणि मांड्या सारख्या वरखाली होतात. रुंद सीट असेल तर मांड्या घासतील, म्हणून हे सीट अरुंद आणि लांब नाकाचं. ते ठीकच. पण बहुतेक तयार सायकलींवर जे सीट येतं ते आपल्या मापाचं असेलच असं नाही. बायकांची बैठकीची हाडं सर्वसाधारणपणे पुरुषांपेक्षा थोडी लांब लांब असतात. त्यात आपल्यापैकी कितीतरी जणी नवऱ्याची किंवा शिक्षणासाठी बाहेरगावी गेलेल्या मुलाची सायकल चालवतात. "घरात पडूनच होती, म्हटलं चालवावी." चपलेचं माप वेगळं असतं हे आपल्याला पटतं, मग सीटचं का पटू नये?

हे काही आजचं गाऱ्हाणं नाही. १८९०च्या दशकात युरोप-अमेरिकेत बायका सायकली चालवू लागल्या, तेव्हाही डॉक्टरमंडळींनी याच नाजूक जागेवरून काहूर माजवलं होतं, आणि त्याच काळात मधे फट ठेवलेली खास सीटं बाजारात आली होती. पुढे अमेरिकेत जॉर्जिना टेरी या मेकॅनिकल इंजिनियर बाईंनी १९८५ साली बायकांच्या मापाच्या सायकली बनवणारी कंपनीच काढली आणि नाकाला भोक असलेलं बायकांचं सीटही विकायला आणलं. आता अशी मधे खाच किंवा भोक असलेली सीटं आपल्याकडेही सहज मिळतात.

आता माप कसं घ्यायचं ते सांगते. पार्सलच्या खोक्याचा तो जाड पुठ्ठा घ्या, आत नागमोडी कागद असतो तो. जिन्याच्या पायरीवर किंवा लाकडी स्टुलावर तो ठेवून पातळ कपड्यांत त्यावर बसा. हँडल धरल्यासारखं थोडं पुढे वाका, टाचा उचला आणि मिनिटभर तशाच राहा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. नीट दिसले नाहीत तर पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवा, म्हणजे उठून दिसतात. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजा. बहुतेकींचं हे अंतर १०० ते १५० मिलिमीटरच्या दरम्यान भरतं. त्यात २० ते ३० मिलिमीटर मिळवलेत की सीटच्या मागच्या बाजूची रुंदी आली. म्हणजे खळग्यांमधलं अंतर १२० असेल तर १४० ते १५०चं सीट बघायचं. ताठ बसून चालवत असाल तर थोडं जास्त रुंद, फार वाकून चालवत असाल तर थोडं कमी. चांगल्या सीटच्या खोक्यावर किंवा खालच्या बाजूला १४३, १५५ असे आकडे असतात, ते या रुंदीचेच. आणि एक लक्षात ठेवा, बाई जाड आहे की बारीक, याचा या मापाशी फारसा संबंध नाही. चांगल्या भरलेल्या बाईचीही हाडं जवळ जवळ असू शकतात.

दुकानात गेलं की अंगठ्याने दाबून सगळ्यांत मऊ, गुबगुबीत सीट उचलायचा मोह होतो. तो आवरा. कणकेच्या गोळ्यात दोन बोटं रुतवून पाहा. बोटं आत जातात आणि मधली कणीक फुगून वर येते. जेलच्या मऊ सीटवर हेच होतं. हाडं रुततात आणि मधला फुगवटा नेमका नाजूक जागी दाबतो. भाजी आणायला दहा-पंधरा मिनिटं जायचं तर मऊ सीट छान. पण दीड-दोन तास बसायचं असेल तर घट्ट, मापाचं आणि मधे खाच असलेलंच बरं. सीटवर घालायची ती जेलची टोपडी तर मला अजिबात पसंत नाहीत. ती सरकतात आणि सरकली की घासतात. खाचेचीही गंमत आहे. एखादीला खाच वरदान वाटते, तर एखादीला तिच्या कडाच टोचतात. म्हणून घेण्यापूर्वी "पंधरा दिवसांत बदलून द्याल का?" हे स्पष्ट विचारा. साडी घेताना दहा उलगडायला लावतो आपण, इथे भिडस्तपणा कसला?

नवीन सीटवर पैसे घालण्याआधी मात्र आहे तेच सीट नीट बसवून पाहा. पुष्कळदा दुखण्याचं मूळ इथेच सापडतं. भिंतीला धरून सीटवर बसा आणि पायडल सगळ्यांत खाली आणून त्यावर टाच टेकवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवलात की गुडघ्यात आपोआप थोडासा बाक राहतो. सीट जास्त उंच असेल तर पाय पोचवण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि जांघा सोलवटतात. कमी उंच असेल तर गुडघे कुरकुरतात आणि सगळं वजन बैठकीवर येतं. उंची बदलण्यापूर्वी सीटच्या दांडीवर नेलपॉलिशची खूण करा, म्हणजे मागे यायला बरं.

मग उतार. सीटवर एखादं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवा आणि त्यावर गवंड्याकडे असते तशी लेव्हल. मोबाईलमधली लेव्हलही चालते. सीट सपाट असावं. नाक वर असेल तर काय होतं ते सांगायला नकोच. मुंग्या येत असतील तर नाक अगदी एक-दोन अंश खाली करून पाहा, त्याहून जास्त नको. नाहीतर आपण पुढे घसरतो आणि सगळा भार मनगटांवर येतो. पुढेमागे सरकवायचं असेल तर पायडल आडवी ठेवा आणि दोऱ्याला नट बांधून केलेला ओळंबा पुढच्या गुडघ्याच्या पुढच्या बाजूने सोडा. तो पायडलच्या दांड्यावर आला तर सुरुवातीला ठीक. हा अंदाज आहे, कायदा नव्हे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन-तीन फेऱ्या तशाच करून पाहा. एवढं करूनही आपण सारख्या सीटच्या नाकावरच येत असू, तर हँडल लांब पडतंय असं समजावं. हँडलला धरणारी जी मान असते, स्टेम म्हणतात तिला, ती आखूड घालून मिळते. काम पंधरा मिनिटांचं आहे.

आता लाजेचा विषय, चड्डी! सायकलच्या शॉर्ट्सना आत पॅड असतं. पूर्वी ते खऱ्या शॅमॉय कातड्याचं असे, आता फोमचं असतं. बायकांचं पॅड मागे रुंद आणि पुढे आखूड असतं, म्हणून पुरुषांची शॉर्ट "एकच तर आहे" म्हणून घेऊ नका. आणि ही शॉर्ट थेट अंगावर घालायची, आत नेहमीची चड्डी घालायची नाही. हे ऐकल्यावर आमच्या ग्रुपमधल्या एकजात सगळ्या बायका "अगं बाई!" म्हणाल्या होत्या. पण कारण साधं आहे. आतल्या चड्डीची शिवण आणि इलॅस्टिक नेमकं जांघेत येतं, घामाने सुती कापड ओलं होतं आणि तासाभरात तिथलं कातडं सोलून निघतं. पॅड अंगाला चिकटून बसलं तरच त्याचा उपयोग. शॉर्ट घट्ट हवी, पण मांडीला वळ उठवणारी नको. दुकानात नुसतं उभं राहून पाहू नका, खुर्चीवर बसून पुढे वाकून पाहा. उभं असताना पॅड लोंबल्यासारखं वाटतं, ते वाकल्यावर जागेवर येतं. पॅड जाड म्हणजे चांगलं असंही नाही, तिथेही कणकेचाच न्याय. खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्टही मिळते. तिने पोटावर काचत नाही हे खरं, पण वाटेत बाथरूमला जायचं म्हणजे वरचे कपडे काढण्याचा खटाटोप. आपल्या रस्त्यांवरच्या बाथरूमांची अवस्था पाहता मी तरी कमरेचीच पसंत करते.

"पण सासऱ्यांसमोरून तसली तंग चड्डी घालून जायचं?" हा प्रश्न खरा आहे, त्याला हसू नका. याला तीन वाटा आहेत. पॅड असलेल्या पोटरीपर्यंतच्या किंवा पूर्ण लांबीच्या टाइट्स मिळतात आणि त्यावर लांब कुडता चालतो. पॅडवाली आतली शॉर्टही मिळते, ती सलवारीच्या किंवा ट्रॅकपँटच्या आत घाला, वरून कुणाला कळतही नाही. नाहीतर शॉर्टवर सैल हाफपँट घाला. सलवार असेल तर साखळीच्या बाजूच्या घोट्याला रबर लावायला विसरू नका आणि ओढणी घरीच ठेवा.

वाटेतही थोडं भान हवं. दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभं राहून चार-सहा फेरे मारा, म्हणजे दबलेल्या भागात रक्त फिरतं. गतिरोधक आणि खड्डा आला की बैठक उचला. आमच्या कोल्हापूरहून पन्हाळ्याला जाताना शेवटच्या चढाला दमून आपण हळूहळू सीटच्या नाकावर सरकतो. तिथे आठवण ठेवून मागे सरकायचं. टायरमध्ये हवाही दगडासारखी भरू नका, टायरच्या कडेला लिहिलेल्या मर्यादेत आपल्या वजनाप्रमाणे ठेवा. लांब जाणाऱ्यांनी जांघेत क्रीम लावावं. व्हॅसलीन चालतं, पण ते पॅडमधून धुऊन निघत नाही. मेंथॉलचं थंडगार क्रीम मात्र आपल्या कामाचं नाही, झोंबतं! पाळीच्या दिवसांत सॅनिटरी नॅपकिनच्या कडा घासतात, त्यामुळे पुष्कळ जणी कप वापरतात. ते जमत नसेल तर ते दोन दिवस छोटी फेरी मारा.

बाळंतपणात टाके पडले असतील तर सायकलवर बसण्याआधी डॉक्टरांना विचारा. चाळिशी-पन्नाशीत पाळी जाताना तिथली त्वचा कोरडी आणि हुळहुळी होते, त्यावर औषध आहे. सीट बदलूनही बधिरपणा राहिला, एका बाजूची सूज उतरेना, गाठ लागली किंवा लघवीतून रक्त गेलं तर लाज गुंडाळून ठेवा आणि डॉक्टरीण बाईंना गाठा. जाताना "मी सायकल चालवते" हे आवर्जून सांगा, नाहीतर त्यांना तरी कसं कळणार?

बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या असतात, त्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात. आपल्याकडच्या बायकाही त्यात भाग घेतात. पुण्याची वेदांगी कुलकर्णी तर २०१८ साली सुमारे २९ हजार किलोमीटर सायकलवरून जग फिरून आली. इतके तास बसणारीला सीट सोसून चालतच नाही, तिला ते जुळवूनच घ्यावं लागतं. मग आपल्या वीस किलोमीटरांनी काय घोडं मारलंय?

घरी आल्यावर आधी चहा टाकू, डबे भरू, मग बघू, असं करू नका. ओल्या चड्डीत तासभर ओट्याशी उभं राहिलं की पुळ्या आणि केसतूड आलेच. चहा यांनाही टाकता येतो. शॉर्ट काढून, अंग धुऊन, कोरडे सुती कपडे घाला. शॉर्ट प्रत्येक वेळी धुवायची, एकदाही तशीच पुन्हा घालायची नाही. उलटी करून साध्या साबणाने कोमट पाण्यात हाताने धुवा. कपडे मऊ करायचं ते सुगंधी पाणी नको, ब्रश नको, पिळाही नको. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि पॅडची बाजू वर ठेवून वाऱ्यावर वाळवा. पावसाळ्यात पॅड दोन दोन दिवस दमट राहतं, म्हणून शॉर्ट्स दोन हव्यात. धुताना पॅड बोटांनी चाचपून पाहत जा. फोम चपटा झाला किंवा शिवण उसवली असेल तर ती शॉर्ट आता योगासनांना वापरा आणि सायकलसाठी दुसरी आणा.