कायद्याचे राज्य : 'हा नियम कुठे लिहिलाय?'



'कायद्याचे राज्य' म्हटलं की मुलं पाठ केलेलं उत्तर देतात, कायद्यापुढे सर्व समान. संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये ते आहेच. पण ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी म्हणजे कायदेशीरपणाचे तत्त्व.

हे तत्त्व काय सांगते?

कायद्याने मनाई केलेली नाही ते सगळं सामान्य माणसाला करता येतं. सरकारचं मात्र उलट असतं. कायद्याने जेवढा अधिकार दिला, तेवढाच अधिकाऱ्याला वापरता येतो. म्हणून अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही. अनुच्छेद २० प्रमाणे, कृत्य केलं तेव्हा जो गुन्हाच नव्हता, त्याची शिक्षा नंतर कायदा करून देता येत नाही.

एक खटला

उत्तर प्रदेशात खडक सिंग यांना दरोड्याच्या प्रकरणात पुराव्याअभावी सोडून दिलं होतं. तरी पोलीस पाळत ठेवत, रात्री घरी येऊन उठवत. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाहिलं, याला कायद्याचा आधार काय? पोलिसांकडे फक्त खात्याचे नियम होते, त्यामागे कायदा नव्हता. रात्री घरी जाण्याची ती तरतूद रद्द झाली.

आपल्या शाळेत

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातलं मूल नव्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत येतं. 'आधी दाखला आणा, मग बघू' असं सांगितलं, की पालक गप्प परत जातात आणि मूल फडावरच राहतं.

आता विचारा, हे कुठे लिहिलंय? शिक्षण हक्क कायदा, २००९ उलट सांगतो. कलम ५ प्रमाणे, दाखला यायला उशीर झाला म्हणून अशा शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो; उशीर केला तर त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही.

हे तत्त्व आपल्यालाही लागू आहे बरं का! कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींना मनाई केली आहे. 'आमच्या शाळेची पद्धत आहे' हा त्यावर बचाव होत नाही.

पालकहो, पुढच्या वेळी खिडकीवरून परत पाठवलं तर नम्रपणे एवढंच म्हणा, "साहेब, हा नियम लेखी दाखवता का?" आणि शिक्षक मित्रांनो, हाच प्रश्न एखाद्या मुलाने वर्गात विचारला, तर त्याला उद्धट समजू नका. धडा त्याला नीट कळलाय.