घर आणि शाळा यांच्या मधला तास

मूल घराचा उंबरठा ओलांडते तेव्हा ते आईच्या नजरेआड होते, आणि शाळेच्या फाटकात शिरेपर्यंत ते शिक्षकांच्याही स्वाधीन झालेले नसते. या मधल्या तासाचा धनी कोण, हा प्रश्न आपल्यापैकी किती पालकांनी स्वतःस विचारला असेल? व्यवहारात तो धनी असतो शाळेच्या गाडीचा चालक. मुले त्याला 'काका' म्हणतात, आणि तसे म्हणावयास त्यांना आपणच शिकवितो. बहुसंख्य चालक या नात्यास जागतात, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. तुटपुंज्या पगारावर दोन दोन पाळ्या गाडी हाकणाऱ्या या वर्गाला सरसकट संशयाच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होईल. पण काकांचे ऐकायचे असते, एवढे शिकवून आपण थांबतो. काकांचे केव्हा ऐकायचे नसते, हे शिकविण्याचा संकोच आपल्या घरांतून अजून गेलेला नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात पुण्याच्या वानवडी भागात शाळेच्या व्हॅनच्या चालकास सहा वर्षांच्या दोन मुलींच्या लैंगिक छळाच्या आरोपावरून अटक झाली. मुलीने घरी सांगितले म्हणून प्रकरण उजेडात आले. ती बोलली नसती तर तीच गाडी दुसऱ्या दिवशीही वेळेवर दारात उभी राहिली असती. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी बदलापूरच्या शाळेतील प्रकाराने लोक रेल्वेमार्गावर उतरले होते. तेथे संताप जितका कृत्याचा होता, तितकाच पालकांची दाद घेण्यास झालेल्या विलंबाचा होता.

आज आम्ही मावळ आणि लोणावळ्याकडे वाचकांचे लक्ष वेधीत आहोत, ते तेथील कोणा चालकावर बोट ठेवण्यासाठी नव्हे. शहरात जो धोका दहा मिनिटांचा असतो तो या तालुक्यात भूगोलामुळेच लांबतो, म्हणून. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या खोऱ्यांतील वाड्यावस्त्यांतून मुले लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव येथील शाळांस येतात. सकाळी जे मूल पहिल्याने गाडीत चढते ते सायंकाळी बहुधा शेवटी उतरते. बाकीची मुले वाटेत उतरत जातात, आणि उरलेला रस्ता, कधी डोंगराकडेचा, कधी धरणाकाठचा, ते मूल आणि चालक यांच्यापुरताच उरतो. पावसाळ्यात त्यात धुक्याची भर पडते. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या मोटारींनी लोणावळ्याचे रस्ते तुंबतात हे पुणे-मुंबईकरांस सांगावयास नको. शनिवारची शाळा सुटलेली मुले त्याच कोंडीत अडकतात, आणि गाडीस उशीर का झाला, हे विचारण्याची सोयच उरत नाही. कोंडी हे कारण नेहमीच खरे असू शकते.

याहून अवघड गोष्ट दुसरी आहे. पुण्यात एक गाडी बंद केली तर दुसरी मिळते. वाडीवर येणारी गाडी मात्र बहुधा एकच असते. त्या चालकाशी वाकडे आले तर मूल शाळेत जाणार कसे, या धास्तीने पालक गप्प राहतात. म्हणजे चालकाची सत्ता मुलांवर चालते तशीच घरावरही चालू लागते. आणि मुलीने धीर करून काही सांगितलेच, तर घरातून पहिला उपाय कोणता सुचतो? तिची शाळा बंद करण्याचा. अपराध दुसऱ्याचा आणि हद्दपारी हिची! या भयानेच कित्येक मुली ओठ शिवून बसत असतील. आमच्या मते या साऱ्या प्रश्नातील खरे दुखणे ते हेच.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राने २०११ मध्ये शालेय बसगाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी, गाडीत मदतनीस असावा, मुलींच्या गाडीत तो स्त्री असावी. त्याहीपूर्वी, १९९७ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या वझिराबाद पुलावरून बस यमुनेत कोसळून अठ्ठावीस मुले दगावली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या गाड्यांत मुलांची काळजी घेणारा सहायक असावा असे बजावले होते. गाडीतील 'मावशी' ही चैन नव्हे. काकांच्या एकछत्री अमलास तोच एक साधा अटकाव आहे. परंतु पैसे वाचविण्याची वेळ येते तेव्हा पहिली कात्री तिच्यावर चालते, आणि गाडी स्वस्त पडते म्हणून आपण पालकही तिकडे डोळेझाक करतो. कित्येक समित्यांची तर नावेच दप्तरात आहेत. सभा झाल्याचे स्मरण सभासदांसही नसते.

शाळाचालकांचे नेहमीचे उत्तर असे की गाडी आमची नव्हे, ठेकेदाराची आहे. हे उत्तर आम्हांस मान्य नाही. मुलांचे वेळापत्रक शाळेचे, गणवेश शाळेचा, मग चालक तेवढा परका कसा? २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने असा गुन्हा कळल्यावर पोलिसांस कळविणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०१९ च्या मार्चमध्ये इटलीत मिलानजवळ एका चालकाने एक्कावन्न मुलांसह शाळेची बस पळवून पेटवून दिली. मुले सुदैवाने वाचली. त्या चालकास पूर्वी शिक्षा झाल्या होत्या, हे मागाहून प्रसिद्ध झाले. परवाना पाहणे म्हणजे चारित्र्य पाहणे नव्हे, हे आपल्याकडील संस्थांस यावरून तरी उमगावे.

मावळच्या पालकांपुढे आणखी एक पेच असतो. लोणावळा, कामशेत, वडगाव ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडे, तर तळेगाव पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे. तळेगावाहून लोणावळ्यास जाणारी गाडी दोन हद्दींतून धावते. गुन्हा नेमका कोठे घडला, हे सात वर्षांच्या मुलाने कसे सांगावे? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे हद्द कोणतीही असो, समोर आलेली फिर्याद ठाण्याने नोंदविलीच पाहिजे. हद्दीचे कारण सांगून परत पाठविले गेले तर पालकांनी तेथून हलू नये.

प्रत्येक गैरवापर अशा टोकाचा नसतो, हेही खरे. वाटेत उतरवून देईन अशी धमकी, दोघांच्या बाकावर चौघे, चिडवल्याबद्दल एक टपली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाच्या हातातील छडी काढून घेतली. ती गाडीच्या चालकास कोणी दिली? पण घरोघरी याला शिस्त म्हणतात. उद्या सकाळी मूल पोट दुखते म्हणून गाडीत बसावयास नाकारील, तेव्हा त्याला दटावण्याआधी बसमध्ये तू कोणाजवळ बसतोस, एवढे तरी विचारावे.

मागणे फार मोठे नाही. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी प्रत्येक परिवहन समितीने एकदा बसावे, पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयाने गाड्यांबरोबर मदतनिसांचीही तपासणी करावी, आणि गाडीच्या मार्गाचे पत्रक शाळेच्या फलकावर लागावे. त्या पत्रकात शेवटच्या थांब्यावर उतरणाऱ्या मुलाच्या नावाशेजारी, तोपर्यंत गाडीत बसून राहणाऱ्या मावशीचे नाव लिहिलेले असावे.