आधी वीज, मग चिप!

तैवान म्हटलं की आज तोंडात पहिला शब्द येतो चिप. या चिपला तैवानात थारा देणारा माणूस मात्र विजेचा इंजिनिअर होता. सुन युन-सुआन, जन्म 1913, चीनचा शांतुंग प्रांत. शिक्षण हार्बिनला, तेही रशियन भाषेतून.

दुसरं महायुद्ध संपलं, तैवानवरची जपानी सत्ता गेली आणि तिथले जपानी इंजिनिअर मायदेशी निघाले. बॉम्बहल्ल्यांनी वीजकेंद्रांची दैना झालेली. तीन महिन्यांत बेट अंधारात जाणार, असं जाणारे सांगून गेले. चीनमधून तैवानात आलेल्या सुन यांनी तांत्रिक शाळा-कॉलेजांतली पोरं हाताशी धरली, मिळतील ते सुटे भाग जोडले आणि पाच महिन्यांत सुमारे 80 टक्के वीज परत आणली. मला तरी त्यांची हीच कामगिरी सर्वांत थरारक वाटते.

पुढे 1964 ते 1967 त्यांनी थेट नायजेरियाचं वीज महामंडळ चालवलं! परतले ते मंत्री व्हायलाच: आधी दळणवळण, मग 1969 पासून अर्थव्यवहार खातं. 1973 मध्ये त्यांनी औद्योगिक संशोधनाची संस्था उभी केली. सरकारी पैसा, पण कारभार सरकारी चाकोरीबाहेरचा. संसदेत विरोध झाला, तरी ते हटले नाहीत.

आता खरी गंमत. फेब्रुवारी 1974, ताइपेतलं सोयादुधाचं साधं दुकान. सकाळच्या न्याहारीला सात जण. त्यांत अमेरिकेच्या आरसीए कंपनीतले पान वेन-युआन. ते म्हणाले, चिपचं तंत्रज्ञान बाहेरून आणा. चार वर्षं आणि एक कोटी डॉलर लागतील. सुन यांनी होकार दिला. 1976 मध्ये आरसीएशी करार झाला, तरुण इंजिनिअर शिकायला अमेरिकेला गेले. सुरुवात कशाने? इलेक्ट्रॉनिक घड्याळाच्या चिपने!

1978 मध्ये सुन पंतप्रधान झाले. तेव्हा तैवानात लष्करी कायदा होता, हे पद लोकांच्या मतांवर मिळालेलं नव्हतं, हेही सांगायलाच हवं. 1980 मध्ये शिंचू विज्ञान उद्यान सुरू झालं. 1984 मध्ये सुन यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि पद सुटलं. तीन वर्षांनी, 1987 मध्ये, त्यांच्याच संशोधन संस्थेच्या कुशीतून टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी जन्मली.

सुन 2006 मध्ये गेले. ताइपेतलं त्यांचं राहतं घर आता संग्रहालय आहे. तिकडे जाणं झालं, तर उंच इमारतींआधी ते घर बघा.