शेजाऱ्याची खिडकी आणि मंजूर नकाशा

घर बांधूं पाहणाऱ्या गृहस्थाच्या हातीं नगरपालिकेचा मंजूर नकाशा पडला कीं पहिला विरोध बहुधा कुंपणापलीकडून येतो. “आमचा उजेड जाणार,” असें शेजारी म्हणतो. “परवानगी मिळाली आहे,” असें गृहस्थ सांगतो. मौज अशी कीं, दोघांचेंही म्हणणें खरें असूं शकतें.

नकाशा तपासणारा अधिकारी सार्वजनिक नियम पाहतो. महाराष्ट्रांत १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणें शहराचा विकास आराखडा त्याला प्रमाण. जागा रहिवासी विभागांत आहे काय, सामासिक अंतरें सोडलीं आहेत काय, उंची मर्यादेंत आहे काय, हें जुळलें म्हणजे केवळ शेजारी रुसला म्हणून परवाना अडत नाहीं. पण त्या परवान्यानें शेजाऱ्याचा खाजगी हक्कही बुडत नाहीं.

तो हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यांत, म्हणजे वकिलांच्या बोलण्यांतल्या ईझमेंट अ‍ॅक्टांत, सांगितला आहे. खिडकीवाटे येणारा उजेड व वारा २० वर्षें शांतपणें, हक्क म्हणून व अखंड उपभोगला असेल, तर तो संरक्षणास पात्र होतो. मेहेरबानीनें मिळालेला उजेड यांत धरीत नाहींत. मोकळ्या अंगणासही असा हक्क लाभत नाहीं. तो इमारतीच्या खिडकीचा. देखाव्याची तर गोष्टच सोडावी. ज्या इंग्रजी न्यायाच्या वळणावर आपला कायदा घडला, त्यानें १६१० सालीं आल्ड्रेडच्या खटल्यांतच देखावा ही केवळ आनंदाची बाब ठरविली. गच्चीवरून दिसणारी पर्वती नव्या भिंतीआड गेली, तर हळहळण्यापलीकडे उपाय नाहीं!

उजेड थोडा कमी झाला एवढ्यानेंही भागत नाहीं. लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनें १९०४ सालीं कोल्सच्या खटल्यांत, किती गेला यापेक्षां उरलेला सामान्य माणसास पुरेसा आहे काय, हें पाहिलें. आपल्या कायद्यांत घराची किंमत बरीच घटली, राहणाराच्या शरीरसुखास चांगलीच बाधा आली, अथवा नेहमीचा धंदा पूर्वीसारखा चालेनासा झाला, तर भरपाई मागतां येते.

भिंत उठण्यापूर्वी दिवाणी न्यायालयांत मनाईहुकूमही मागतां येतो. मात्र तिनें हक्कास अडथळा येणारच, हें सिद्ध करावें लागतें. आणि खिडकीचें वय? पुष्कळ घरांत ती मागाहून कोणास न विचारतां पाडलेली असते. अशा वेळीं शेजाऱ्याला स्वतःच्याच घराचा जुना मंजूर नकाशा शोधीत बसावें लागतें.