घाबरट माणसांचा समुद्र

माल्टा हा भूमध्य समुद्रातला चिमुकला देश, इटलीच्या सिसिली बेटाच्या दक्षिणेला. मुख्य बेटाची लांबी फक्त २७ किलोमीटर. किनारा बहुतेक खडकाळ. लोक खडकावरच्या शिडीने थेट खोल पाण्यात उतरतात. वाळूचे किनारे मोजकेच आहेत. त्यांतला सर्वांत लांब म्हणजे उत्तरेकडच्या मेल्लीहा गावाच्या पायथ्याचा आदीरा. लांब म्हणजे किती, तर सुमारे ८०० मीटर! कोलव्याला फिरलेल्या माणसाला हसू येईल. पण लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल, तर मी आदीराचंच नाव सुचवेन.

माझा धाकटा भाऊ माल्टात नोकरीला आहे. गणपती आटोपल्यावर सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही चौघं त्याच्याकडे गेलो: मी, नवरा, साडेपाच वर्षांची लेक आणि सत्तरीतली आई. आम्हा बेळगावकरांचा समुद्र म्हणजे गोवा. चोर्ला घाट उतरला की झालं. आई आयुष्यभर गोव्याला जात आली, पण घोट्याच्या वर पाणी तिने कधी चढू दिलं नाही. लाट मागे फिरताना पायाखालची वाळू सरकते, तेव्हा तिला भोवंडल्यासारखं होतं. आजीचं पाहून नातही किनाऱ्यावरच किल्ले करत बसायची. त्यामुळे भावाने आधीच सांगून टाकलं, “ब्लू लगून वगैरे नंतर बघू. पहिल्यांदा आदीरा.”

हा किनारा शांत असतो त्याला कारणं आहेत. भूमध्य समुद्र जवळजवळ चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी अवघी १४ किलोमीटर रुंद, त्यामुळे महासागराची भरती इथे फारशी पोचत नाही. गोव्यात भरती-ओहोटीच्या पाण्यात साधारण दोन मीटरचा फरक पडतो, मुंबईत मोठ्या भरतीला चार मीटरच्या वर. माल्टात तो वीतभर असतो. शिवाय आपल्याकडे दूरच्या महासागरात उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून किनाऱ्यावर आदळतात. इथे त्यांना तेवढं अंगणच नाही. त्यात आदीराचा उपसागर आत शिरलेला, तळ अगदी हळूहळू उतरत जाणारा, आणि नेहमीचा वायव्येचा वारा मागच्या डोंगरकण्यावर अडतो. बरंच आत चालत गेलं तरी माझ्या कमरेच्या वर पाणी आलं नाही.

पहिल्या दिवशी आई छत्रीखाली बसून राहिली. तिला पाण्यापेक्षा कपड्यांचा संकोच जास्त होता. “एवढ्या लोकांत मी पंजाबी ड्रेस घालून पाण्यात जाऊ होय?” पण समोरच चार-पाच माल्टी आज्या उथळ पाण्यात खुर्च्या मांडून, डोक्यावर टोप्या घालून गप्पा छाटत बसल्या होत्या. आपल्याकडे कट्ट्यावर बसतात तशा. तासभर त्यांच्याकडे बघितल्यावर आई उठली. नातीने हात धरला. घोटा झाला, गुडघा झाला, आणि मग आईच थांबून म्हणाली, “अगं, इथं वाळू सरकत नाही!” त्यानंतर ती सरळ पाण्यात मांडी घालून बसली. गुडघेदुखीमुळे घरी तिला जमिनीवर बसता येत नाही. पाण्याने वजन उचललं आणि ते जमलं. भूमध्य समुद्र खारटही जास्त: जगातल्या समुद्रांची सरासरी लिटरला ३५ ग्रॅम मिठाच्या आसपास, इथे ३८. दुसऱ्या दिवशी नात मामाच्या हातावर पाठीने तरंगायला शिकली, आणि आजी शेजारी बसून तिला सूचना देत होती!

मिठावरून आठवलं. मेल्लीहा हे नावच मिठावरून आलंय. तिथे पूर्वी मिठागरं होती. माल्टी भाषा अरबी वळणाची, पण लिहितात रोमन लिपीत. तिच्यात ‘दिन्या’ म्हणजे दुनिया आणि ‘क्तिएब’ म्हणजे किताब. जेमतेम पाच लाख लोकांची ही भाषा २००४ पासून युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे. किनाऱ्यावरची पोरं आज्यांशी हीच भाषा बोलत होती. सीमाभागात वाढलेल्या माझ्या कानांना ते सुखाचं वाटलं.

चौथ्या दिवशी मात्र चित्र पालटलं. आदीराचं तोंड ईशान्येला आहे, आणि त्या दिवशी नेमका ईशान्येचा वारा सुटला. त्याला तिथे ग्रेगाल म्हणतात. कालचा हौद आज खवळला होता. कुणी काही सांगण्याआधी आईच म्हणाली, “आज नको.” नातीने रडून पाहिलं, पण आजी बधली नाही. बेट लहान असल्याचा फायदा असा, की एक बाजू खवळली तर दुसरी बहुधा आडोशाला असते. आम्ही बस पकडून पश्चिमेच्या गोल्डन बेला गेलो.

उणिवाही सांगते. रस्ता किनाऱ्याला अगदी लागून जातो. जुलै-ऑगस्टमध्ये भाड्याच्या छत्र्यांनी वाळू भरून जाते आणि झाडाची सावली जवळपास नाही. कधी जेलीफिश येतात. जांभळा झेंडा दिसला तर पाण्यात जाऊ नका. काठावर सुकलेल्या तपकिरी पानांचे ढीग दिसले तर नाक मुरडू नका. ती पोसिडोनिया नावाच्या पाणवनस्पतीची पानं. लाटांपासून वाळू धरून ठेवायचं काम तीच करतात. खायला वाटाण्याचे पास्तित्सी मिळतात, आपल्या पॅटिसच्या जवळचे. पक्के शाकाहारी असाल तर पारीत चरबी आहे का, हे विचारून घ्या. मुलं कंटाळली तर डोंगरावरचा लाल बुरूज दाखवा. तो १६४९ मध्ये बांधून पूर्ण झाला. १९८० च्या ‘पॉपाय’ चित्रपटासाठी उभारलेलं लाकडी गावही जवळच आहे.

माल्टाला जायला शेंगेन व्हिसा लागतो, खर्चही आहे. प्रत्येकाला जमेलच असं नाही. पण किनारा कुठलाही असो, निवडताना फोटो बघू नका. उतार किती, उपसागराचं तोंड कुठे, आज वारा कुठला आणि जीवरक्षक आहेत का, एवढं विचारा. आणि घरातल्या सर्वांत घाबरट माणसाला झेपेल तो किनारा घ्या. पट्टीचे पोहणारे कुठेही पोहतील.