लाइट परत येते तेव्हा

पाटणकर बाजारातल्या जुन्या घरांची वायरिंग झाली तेव्हा घरात चार दिवे, दोन पंखे आणि एखादा रेडिओ असे. आज त्याच घरांत मुलं बसून पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांची कामं करतात आणि मागच्या खोलीत एसी चालू असतो. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या आसपास गेला की विजेचा भार वाढतो, संध्याकाळी आंधी येते, लाइट जाते. कॉम्प्युटरला लाइट जाण्याची फारशी भीती नसते. ती परत येते तेव्हा जपावं लागतं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत न्यूट्रलची तार तुटली. आमचे दिवे मिणमिणू लागले आणि समोरच्या काकांकडचे लखलखू लागले. काकांनी आजोबांची मोडीतली कागदपत्रं स्कॅन करून कॉम्प्युटरवर ठेवली होती. त्यातून जळका वास आला. पॉवर सप्लाय गेला. हार्ड डिस्क वाचली, पण ते कळायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत काका धड जेवलेही नाहीत.

असं का होतं? घरात २३० व्होल्ट येतात, पण खांबावरच्या दोन फेजमध्ये सुमारे ४०० असतात. न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि जिथे कमी उपकरणं चालू, तिथे व्होल्टेज चढतं. तुमच्या लॅपटॉपच्या अडॅप्टरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं, ते एकदा वाचा. दिवे विचित्र प्रखर झाले, पंखा वेड्यासारखा फिरू लागला, तर विचार करत बसू नका; मेन स्विच पाडा.

‘आमच्याकडे स्पाइक गार्ड आहे’ असं बरेच जण सांगतात. त्यातला व्हॅरिस्टर क्षणभराचा झटका पितो, पण सतत चढलेलं व्होल्टेज आलं तर स्वतःच तापून जळतो. झटके खाऊन तो झिजतोही, म्हणून काही वर्षांनी बदलावा. स्वस्तातले काही तर नुसते एक्स्टेंशन बोर्डच! स्टॅबिलायझर हळूहळू होणारा चढउतार सांभाळतो, वेगवान झटका त्याच्या हाती लागत नाही. चढलेल्या व्होल्टेजसाठी मेनपाशी ओव्हर-व्होल्टेज कटऑफ बसवावा. एमसीबी ते काम करत नाही.

त्याआधी अर्थिंग बघा. जुन्या घरात सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे तार मात्र नसते! वायरमनकडून तपासून घ्या.

वीज कडाडू लागली की प्लगच काढा, टीव्हीची केबलही. लाइट आल्यावर पाच मिनिटं थांबून मग जोडा. फोटो, प्रबंध, कागदपत्रं यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि ती डिस्क कॉम्प्युटरला लावून ठेवू नका. काकांची आता कपाटात, आजोबांच्या मूळ कागदांशेजारी असते.