रोटेटर आणि वळवाची वीज

हौशी रेडिओचा, म्हणजे ज्याला बोलीत हॅम रेडिओ म्हणतात त्याचा, छंद आपल्या भागात मोजक्याच लोकांना आहे. त्यांची घरे मात्र दुरून ओळखू येतात. गच्चीवर लोखंडी मनोरा आणि त्याच्या शेंड्याला माशाच्या काट्यासारखा दिसणारा, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा आडवा अँटेना. हा यागी जातीचा अँटेना जपानमध्ये उदा आणि यागी या दोघा संशोधकांच्या कामातून १९२६ च्या सुमारास पुढे आला. त्याचा गुण असा की, तो चहूकडे सारखा न बोलता ज्या दिशेला तोंड असेल तिकडेच जोराने बोलतो आणि ऐकतो. बेळगावहून लंडनशी बोलावयाचे तर त्याचे तोंड वायव्येस हवे, टोकियोशी बोलावयाचे तर ईशान्येस. दर वेळी मनोऱ्यावर चढून दहा-दहा मीटर लांबीच्या नळ्या हाताने वळविणे शक्य नाही. म्हणून अँटेनाच्या दांड्याखाली एक मोटर बसवितात. तिला रोटेटर म्हणतात. खोलीतील डबीवरचे बटण दाबले की वर अँटेना संथपणे फिरतो (एका पूर्ण फेरीस साधारण एक मिनिट लागते) आणि डबीवरील काटा दिशा दाखवितो.

या रोटेटरचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे एप्रिल-मे मधला आपला वळीव. रेडिओ संच वाचतो, अँटेना वाचतो, आणि रोटेटर मात्र निकामी होतो, असे पुष्कळदा घडते. असे का होते आणि त्यावर उपाय काय, हे मी परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करताना समजून घेतले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने विज्ञान शाखेच्या मित्रांना यात काही ढोबळपणा दिसला तर त्यांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम एक शब्दांची गोष्ट. मराठीत आकाशात चमकते ती वीज, झाडावर पडते ती वीज आणि बटण दाबल्यावर दिवा लावते तीही वीजच. कन्नडमध्ये चमकणाऱ्या विजेला 'मिंचु' आणि कोसळणाऱ्या विजेला 'सिडिलु' असे दोन वेगळे शब्द आहेत. या बाबतीत आमच्या कन्नड विभागाचे वाचक अधिक नेमके बोलतात, हे मान्य केले पाहिजे. पण रोटेटरच्या बाबतीत हा नेमकेपणाच थोडा फसवा ठरतो. कारण रोटेटर जाण्यासाठी सिडिलु त्याच्यावरच कोसळावा लागत नाही.

आमच्या गल्लीत एक वयस्क हॅम गृहस्थ आहेत; आम्ही मुले त्यांना काका म्हणतो. गेल्या मे महिन्यात दोन घरे पलीकडच्या नारळाच्या झाडावर वीज पडली. काकांच्या मनोऱ्याला काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बटण दाबले, अँटेना नीट फिरला, पण डबीवरचा काटा एका टोकाला जो पडून राहिला तो उठेचना. "वीज आमच्यावर पडलीच नाही रे, मग हे कसं झालं?" असा त्यांचा प्रश्न. चार माणसे, दोर आणि कप्पी लावून रोटेटर खाली उतरविला तेव्हा उत्तर मिळाले. आतील पोटेन्शिओमीटरची केसासारखी बारीक तार जळून तुटली होती.

हा पोटेन्शिओमीटर म्हणजे रोटेटरचा नाजूक अवयव. अँटेना फिरतो तसा त्याचा स्पर्शक बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकतो आणि त्यावरून खालच्या काट्याला दिशा समजते. मोटरची तार जाड असते, ती पुष्कळ सोसते. हा बिचारा सोसत नाही. वरून खाली येणाऱ्या केबलमध्ये रोटेटरच्या जातीप्रमाणे पाच, सहा किंवा आठ तारा असतात. त्यांपैकी तीनच्या आसपास या पोटेन्शिओमीटरच्या.

आता ही तार जळते कशी ते पाहू. केबलचे वरचे टोक मनोऱ्याला बोल्टने घट्ट बसविलेल्या लोखंडी यंत्रात आहे. खालचे टोक डबीमार्फत घरातील विद्युत् जोडणीला आणि घराच्या अर्थिंगला जाऊन मिळते. म्हणजे मनोऱ्याची जमीन आणि घराची जमीन या दोन ठिकाणांना जोडणारा पूल म्हणजे ही केबल. विजेच्या एका तडाख्यात साधारण ३०,००० ॲम्पियर प्रवाह असतो आणि तो एक-दोन मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात, वाढतो. एक मीटर सरळ तारेचे इंडक्टन्स साधारण एक मायक्रोहेन्री असते. २०,००० ॲम्पियर दोन मायक्रोसेकंदांत वाढले असे धरले, तर त्या एका मीटरच्या दोन टोकांत १०,००० व्होल्टचा फरक पडतो. तार कितीही जाड, तांब्याची असो! मनोरा तारेपेक्षा रुंद असल्याने त्याचा आकडा कमी येतो, पण पंधरा मीटर उंचीवर तोही हजारोंनी मोजावा लागतो. जवळच्या झाडावर वीज पडली तरी जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहामुळे मनोऱ्याचा अर्थपिट आणि घराचा अर्थपिट यांच्यात क्षणभर मोठा फरक निर्माण होतो. शिवाय मनोरा, केबल आणि घर यांचे जे मोठे कडे बनते त्यात चुंबकीय प्रेरणेने वेगळा दाब उठतो. हा सगळा फरक त्या पुलावरून, म्हणजे केसासारख्या तारेतून, वाट काढतो. काकांच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच.

यावरून उपायाची दिशा कळते. विजेला अडविता येत नाही. पण केबलमधल्या सर्व तारा, मनोरा आणि घर हे त्या क्षणी एकदमच वर चढले व एकदमच खाली उतरले, तर तारेत जाळण्याइतका प्रवाह वाहणार नाही. पुरात सगळी नाव एकत्र वर उचलली जाते तेव्हा नावेतल्या माणसाला बुडण्याचे भय नसते, तसेच काहीसे.

म्हणून पहिले काम खर्चाचे नाही, पण पहारीचे आहे: मनोऱ्याचा अर्थपिट, घराचा अर्थपिट, रेडिओचा अर्थ हे सर्व जमिनीखालून जाड तांब्याच्या पट्टीने एकत्र जोडणे. अनेक ठिकाणी रेडिओसाठी 'स्वतंत्र' अर्थिंग केल्याचे अभिमानाने सांगतात. पण तेच स्वतंत्र अर्थिंग घात करते. घराच्या मुख्य अर्थिंगला हात लावावयाचा तर जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच ते करून घ्यावे. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. वळीव येतो तो नेमका उन्हाळ्याच्या शेवटी, जेव्हा जमीन वर्षात सर्वांत कोरडी असते. पश्चिमेकडच्या जांभ्या जमिनीत तर एप्रिलमध्ये पिटाचा रोध फारच वाढतो. एकच खोल दांडा ठोकून थांबू नये. तीन-चार दांडे, एकमेकांपासून दांड्याच्या लांबीइतके तरी दूर, पट्टीने जोडून ठोकावेत. उन्हाळ्यात पिटात पाणी घालण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची पद्धत अगदी शास्त्रशुद्ध आहे.

दुसरे काम व्हॅरिस्टरचे. झिंक ऑक्साइडची ही छोटी चकती एरवी प्रवाह अडवून धरते, पण ठराविक व्होल्टेजच्या वर दाब गेला की सेकंदाच्या अब्जाव्या भागांत वाट मोकळी करते. केबलमधील प्रत्येक तारेपासून अर्थपर्यंत एकेक व्हॅरिस्टर, अशी पेटी मनोऱ्याच्या पायथ्याशी बसवावी. दुसरी अशीच पेटी केबल घरात शिरते तेथे. चकती निवडताना सरसकट एकच आकडा घेऊ नये. मोटरला बहुधा २४ ते २८ व्होल्ट लागतात, पण तिच्याबरोबर कपॅसिटर असल्याने काही तारांवर चालू असताना त्याहून अधिक दाब असतो. म्हणून मोटर फिरत असताना प्रत्येक तारेवर मीटर लावून मोजावे, आणि त्याहून थोडी वरची चकती त्या तारेला लावावी. पोटेन्शिओमीटरच्या तारांवर दाब कमी असतो, तेथे कमी आकड्याची चालते, आणि खरे संरक्षण तेथेच हवे आहे. चकतीचे पाय आखूड ठेवावेत. लांब वायरने दूरच्या बोल्टला जोडलेली चकती, वरचा मीटरमागे १०,००० व्होल्टचा हिशेब आठवला तर, असून नसल्यासारखी.

केबल मनोऱ्याच्या मधूनच उडवून घराच्या खिडकीत नेण्याची सवय फार दिसते, कारण तेवढी केबल वाचते. ती मनोऱ्याच्या पायाला बांधत अगदी खालपर्यंत आणावी आणि मग घराकडे न्यावी. मनोऱ्याच्या मध्यावर जो दाब असतो तो पायथ्याशी पुष्कळ उतरलेला असतो. वाचविलेल्या चार मीटर केबलचा हा महाग व्यवहार आहे.

शेंड्यावर एक गोष्ट विसरली जाते. वीज थेट अँटेनावर पडली तर ती दांड्यातून रोटेटरच्या बेअरिंगच्या गोळ्यांमधून मनोऱ्यात उतरते. गोळ्या आणि त्यांची वाट यांत ठिणगी पडून खड्डे पडतात. मग अँटेना फिरताना अडखळतो. दांड्यापासून मनोऱ्यापर्यंत विणलेल्या तांब्याची लवचिक पट्टी, पूर्ण फेरी घेता येईल इतकी सैल ठेवून, बांधली की प्रवाहाला बेअरिंगबाहेरची सोपी वाट मिळते. तरीही थेट तडाख्यापुढे कोणतीही चकती हमी देत नाही; एक चकती फार तर काही हजार ॲम्पियरचा एखादा धक्का सोसते.

"मी तर केबलच काढून ठेवतो," असे म्हणणारे पुष्कळ. ही सवय उत्तमच. रेडिओवर बोलत नसताना केबल आणि डबीचा विजेचा प्लग, दोन्ही नेहमी काढलेलेच असावेत. पण केबलचे मोकळे टोक खोलीत टेबलामागे लोंबत ठेवणे म्हणजे विजेला घरात बोलावणे होय. १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे गेओर्ग रिखमान हे शास्त्रज्ञ याच प्रकारे मृत्यू पावले. छतावरच्या लोखंडी दांड्याची तार त्यांनी विजेचा अभ्यास करण्यासाठी खोलीत आणली होती आणि ती जमिनीला जोडलेली नव्हती. म्हणून केबलचा जोड भिंतीबाहेर असावा, आणि काढलेला प्लग अशा सॉकेटमध्ये घालावा की ज्याच्या सर्व पिना अर्थला जोडल्या आहेत. गडगडाट सुरू झाल्यावर हे करावयास धावू नये. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर केबलला हातही न लावता आत बसावे. आपल्या देशात २०२२ साली विजेने २,८८७ माणसे मेल्याची सरकारी नोंद आहे. रोटेटर दुसरा आणता येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप मोबाईलवर आसपासच्या विजांची सूचना देते, ते हॅम नसलेल्यांनीही ठेवावे.

माझ्या विषयातले एक सांगतो. काकांना वाटत होते, घराचा विमा आहे, भरपाई मिळेल. अग्निविम्यात वीज पडणे हा धोका समाविष्ट असतो हे खरे. परंतु अपवादांच्या यादीत, अतिदाबाने किंवा शॉर्ट सर्किटने विद्युत् यंत्राचे स्वतःचे झालेले नुकसान, मग कारण वीज का असेना, वगळलेले असते. विजेने छप्पर फोडले तर पैसे मिळतात; केबलमधून येऊन पोटेन्शिओमीटर जाळला तर नाही. आमच्या वर्गात हे कलम शिकविताना कोणाचे लक्ष नव्हते, माझेही नव्हते! हिशेब करू गेल्यास दोन पेट्या, सोळा चकत्या आणि पट्टी यांना, परदेशी रोटेटरच्या किमतीच्या मानाने अगदी किरकोळ खर्च येतो. त्यात रोटेटर उतरविण्याची मजुरी आणि मनोऱ्यावर चढणाऱ्या माणसाचा जीव धरलेलाच नाही.

काहीजण विचारतील, मोबाईलच्या काळात एवढा खटाटोप कशाला? २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा अंदमानातून बाहेर संदेश पाठविण्यास पोर्ट ब्लेअरमधील हॅम मंडळीच उपयोगी पडली. वादळ गेल्यावर ज्याची गरज लागते ते यंत्र वादळातच बंद पडून चालत नाही.

काकांकडे आता दोन्ही पेट्या बसल्या आहेत. पेटीच्या झाकणाच्या आत आम्ही एक कागद चिकटविला आहे: यंत्र सुस्थितीत असताना केबलच्या कोणत्या दोन तारांमध्ये किती ओहम येतात त्याची यादी. जोरदार वळीव होऊन गेला की दुसऱ्या दिवशी केबल सोडवून, मनोऱ्यावर न चढता, खालूनच मोजावे. आकडे जुळले तर वरचे सर्व ठीक. चकती मात्र प्रत्येक धक्क्याने थोडी झिजते आणि मेली की बहुधा शॉर्ट होते. तेव्हा अर्थ आणि तार यांत फार कमी ओहम दिसले तर रोटेटर गेला असे समजून घाबरू नये, आधी ती चकती सोडवून पुन्हा मोजावे. जादा चकत्यांची एक पुडी त्याच पेटीत ठेवलेली आहे.